जोड्यांच्या पायरीवरची हाजिरी

“या जी साहेब, या. बसा.”

गावचा पटेल उठून उभा राहिला होता. छपरीत खुर्ची मांडलेली, तिच्यावर पिवळ्या फुलांची गादी. मी पायऱ्या चढलो, खांद्यावरची बॅग उतरवली, खुर्चीच्या पाठीला हात लावला.

“आडनाव नाही सांगितलं साहेबांनी.”

मी सांगितलं.

पटेलाचा चेहरा बदलला नाही. हे मला अजून दिसतं. राग नाही, किळस नाही, काहीच नाही. त्यानं नुसती आत हाक मारली, “अगा, हे खुर्ची आत नेऊन ठेव. पाय ढिला झाला तिचा.” गडी आला. माझा हात खुर्चीवरच होता. गड्यानं माझ्याकडे न पाहता खुर्ची उचलली. माझा हात हवेत राहिला.

“इथी बस,” पटेल म्हणाला.

आडनावाच्या अलीकडे ‘बसा’ होतं. पलीकडे ‘बस’.

इथी म्हणजे सगळ्यात खालची पायरी. घरातली माणसं तिथं जोडे काढत. वहाणा, बुटांची एक जोडी, बायकांच्या चपला. त्यांच्यात जागा करून मी बसलो.

वर, बाजेवर, पटेलाचा पोरगा पालथा पडून संत्रं सोलत होता. तो गुन्हेगार होता. कोर्टानं दोषी धरलेला. आणि मी त्याच्यावर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी. त्याच्याशी बोलायचं तर मला मान वर करावी लागत होती.

मी परिवीक्षा अधिकारी होतो. ऐंशीनंतरची वर्षं. हा शब्द कोणाच्या तोंडात बसत नसे. कचेरीतले बाबू ‘प्रोबेशनवाले’ म्हणत. गावची माणसं म्हणत ‘चालचलनवाला साहेब’. तेच बरोबर होतं. एखाद्याचा गुन्हा कोर्टात शाबीत होतो, पण पहिलीच वेळ असते, वय कमी असतं. मग कोर्ट त्याला तुरुंगात धाडत नाही. चांगल्या चालीचा मुचलका लिहून घेतं आणि माणूस आमच्या हवाली करतं. त्यानं महिन्याच्या महिन्याला आमच्यापुढं हजर व्हायचं. आम्ही त्याचं घर पाहायचं, शेजारीपाजारी विचारायचं. कामावर जातो का. पितो का. ज्याला मारलं त्याच्या वाटेला पुन्हा जातो का. मुचलका मोडला तर कोर्टाला कळवायचं. तुरुंगातून सुटून आलेलेही काही माझ्याकडे होते. पांढुर्णा आणि सौंसर, छिंदवाडा जिल्ह्यातल्या दोन्ही तहसिली माझ्याच; कचेरी-कोर्टाची भाषा तिथं हिंदी.

या पोराचा गुन्हा साधा होता. साधा म्हणजे आपल्याकडे रोज घडतो तसा. त्यांच्याकडे सुखदेव नावाचा सालदार होता, वर्षाच्या बोलीवर राबणारा. बौद्ध मोहल्ल्यातला. पाडव्याला साल संपलं, तेव्हा सुखदेव म्हणाला, पुढचं साल धरत नाही, पांढुर्ण्याच्या कापसाच्या जिनात हमालीला जातो. कोणाचं काही बुडवलं नाही, कोणाला उलटून बोलला नाही. फक्त नाही म्हणाला. पटेलाच्या पोरानं त्याला बैलबंडीपाशी गाठून तुतारीनं, म्हणजे बैल हाकायच्या टोकदार काठीनं, मारलं. उजवं मनगट मोडलं ते वाकडंच जुळलं. वाकड्या मनगटानं पोतं उचलता येत नाही. जिनातली हमाली संपली.

पोरगा नागपूरला कॉलेजात जाऊन आलेला. माझ्याआधीच्या अधिकाऱ्यानं कोर्टाला कळवलं होतं: घराणं सुसंस्कृत, वागणूक चांगली, सुधारणेस वाव. त्यावर मुचलका झाला. सुखदेवच्या गल्लीत जायचं नाही, त्याला धमकवायचं नाही, दर महिन्याला हजर व्हायचं.

कुठं हजर व्हायचं, तर पांढुर्ण्याच्या आमच्या कचेरीत. पण आधीच्या साहेबांनी प्रथा पाडली होती. पटेलाच्या पोराची हाजिरी पटेलाच्या छपरीत. साहेब स्वतः जात. जेवण होई, सुपारी होई, हाजिरी होई. कागद ताब्यात देताना ते मला म्हणाले, “तिथं तेवढं जाऊन येत जा. चांगले लोक आहेत.”

मी गेलो. आणि पायरीवर बसलो.

मुचलक्याच्या अटी वाचून दाखवायच्या असतात. मी वाचायला लागलो. पोरगा बिया थुंकत होता. पटेलानं मधेच तोडलं.

“थांब. कोन्त्या गावचा तू?”

मी गाव सांगितलं. लोधीखेड्याकडचं.

“बाप काय करे?”

“सालदार होता जी.”

“कोनापाशी?”

मी मालकाचं नाव सांगितलं. का सांगितलं? कोणत्या कायद्यात लिहिलं होतं? पण तो विचारत होता आणि मी देत होतो. लहानपणी मालकाच्या दारात बापामागं उभं राहून जसं देत होतो, तसंच.

“अरे, ते तं आमचे व्याही!” पटेल खूश झाला. “मंग तू आपल्या घरचाच मानूस झाला. आयकलं का रे? आपल्या व्याह्याच्या सालदाराचं पोट्टं हाये.”

“हां,” पोरगा म्हणाला. “लिहून घ्या मंग हाजिरी. आपल्या घरचेच हाये तुमी.”

त्याच्या तोंडी ‘तुमी’ होतं. ते जास्त लागलं. कॉलेजात शिकलेला होता ना.

विचारणं हे माझं काम होतं. बापाचं नाव, बापाचा धंदा, घरात कोण, कोणाचं खाता, कोणाच्या शेतात जाता. मला त्याच कामाचा पगार मिळायचा. त्या दिवशी सगळे प्रश्न त्यानं मला विचारले आणि मी त्याला एकही विचारला नाही. शेवटचं वाक्य मात्र त्यानं आपुलकीनं म्हटलं. “बगीच्यात संत्री पडली हायेत. घेऊन जाजो.”

पडलेली. तोडलेली नाही. गळीची संत्री आम्हाला लहानपणापासून ठाऊक. देठापाशी मऊ, माशीनं टोचलेली, जनावरालासुद्धा निवडून घालावी लागतात अशी. गड्यानं माझ्या बॅगेत ओंजळीनं टाकली. मी “नको” म्हणालो नाही. “बरं जी” म्हणालो. बसमध्ये बॅग मांडीवर घेऊन बसलो होतो आणि कोर्टाच्या कागदांना संत्र्याच्या सडक्या पाण्याचा वास लागत होता.

आमच्या मोहल्ल्यातला मी पहिला बीए. नागपूरला राहून पुढं समाजकार्याचीही पदवी घेतली. भाषणं केली होती मी. जयंतीला माइकसमोर उभा राहून मुठी आवळल्या होत्या. समोर बसलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आणि एका माणसानं नुसतं “इथी बस” म्हटलं तर मी बसलो. त्यानं हात धरला नाही. शिवी दिली नाही. दोन शब्दांत माझं सगळं कॉलेज उतरलं.

घरी सांगितलं नाही. कोणालाच नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो. त्याच्या पुढच्या महिन्यातही. आता पटेलाला सांगावं लागत नव्हतं. मी छपरीपाशी येई, आपणहून जोडे सरकवी, बसे. एकदा पोरगा घरीच नव्हता. सौंसरला सिनेमाला गेला होता. पटेल म्हणाला, “होता असं लिही.” मी म्हणालो, “पुढच्या वेळी राहू द्या जी घरी.” आणि होता असं लिहिलं.

बाकीचे माझ्याकडे येत ते बाजाराच्या दिवशी. कचेरीबाहेर कडुलिंबाखाली उकिडवे बसून राहत. रोजी बुडवून येत. मोहगावकडचा एक, लोधीखेड्याचा एक, सौंसरच्या जिनातून कापसाचं बोचकं उचललेला रामदास नावाचा एक. त्यांची घरंही मी पाहायचो. रामदासच्या मायनं मला पाहिल्याबरोबर घरातली एकुलती बाज पदरानं पुसली, मी बसलो आणि ती स्वतः जमिनीवर बसली. मी तिच्या उतरंडीकडे बोट करून विचारलं, “यात काय आहे?” ती म्हणाली, “पीठ हाये जी, पाहा न.” झाकण काढून दाखवलं. मी वाकून पाहिलं. खरंच वाकून पाहिलं. त्या घराबद्दल मी पानभर लिहिलं, किती भांडी, किती अंथरूणं, कोण कुठं झोपतं. पटेलाचं घर आतून कसं आहे हे माझ्याआधीच्या साहेबांनी पाहिलं नव्हतं, मीही नाही. उंबऱ्याच्या आत आमच्यापैकी कोणी गेलं नव्हतं. तरी कागदावर होतं, सुसंस्कृत.

मग ती हाजिरी आली. तिच्यासाठी हे सगळं लिहून राहिलो.

छिंदवाड्याहून मोठ्या साहेबांची विचारणा आली होती. ज्याला मारलं त्याचं म्हणणं नोंदवा, त्याला काही त्रास आहे का. रीतीचंच काम. मी पटेलाच्या छपरीपाशी बसलो होतो. गावचा कोटवार, सरकारी निरोप पोचवणारा, तिथंच उभा होता. मी त्याला म्हटलं, “सुखदेवला बोलावून आण.”

इथंच. या छपरीत. ज्यानं मारलं त्याच्या बाजेसमोर, ज्याला मारलं त्याला बोलावलं मी. आज वाटतं, आमच्याच माणसाच्या हातून अशी चूक होऊ शकते. दुसरा कोणी असता तर निदान आळसानं केली असती. मी भीतीनं केली. मोहल्ल्यात गेलो असतो तर पटेल म्हणाला असता, गेला आपल्या लोकांत. आपल्या लोकांत गेल्याचा आळ येऊ नये म्हणून मी आपल्या माणसाला त्यांच्या दारात बोलावलं.

सुखदेव आला. धुतलेला सदरा घातलेला. मागं त्याची बायको यशोदा, डोक्यावर पदर. दोघं अंगणात थांबले. सुखदेवनं वर छपरीकडे पाहिलं, साहेब कुठं आहेत म्हणून. तिथं पटेल होता, पोरगा होता. मग त्याची नजर खाली आली. जोड्यांपर्यंत. माझ्यापर्यंत.

तो माझ्याकडे पाहतच राहिला. काही बोलायला उघडलेलं तोंड त्यानं मिटलं.

“सुखदेव,” मी विचारलं, “काही त्रास आहे का तुला?”

“नाही जी.”

“कोणी धमकी वगैरे?”

“काही नाही. सगळं बराबर हाये.”

“बोल न बे मोकळा,” वरून पोरगा म्हणाला. “साहेब तुहेच हायेत.”

पटेल हसला. कोटवारही हसला. मी लिहिलं: तक्रार नाही. सुखदेवनं डाव्या हातानं अंगठा दिला, कारण उजवा वळत नव्हता.

मी निघालो. गावाबाहेर पऱ्हाटीच्या वावरापाशी मागून पावलं वाजली. यशोदा होती. एकटी. धापा टाकत आलेली.

“साहेब, थांबा.”

मी थांबलो.

“घरचे सकायपासून तयार होते. कायकाय सांगाचं ते मले म्हणून दाखवलं त्यायनं. तो पटेलाचा पोरगा रोज सांजेले येते फटफटी घेऊन. दारापुढं बंद करते, उभा राहाते. म्हनते, मुचलका सरू दे, मंग दुसरा हात पाहातो. पोरीले घराबाहेर काढत नाही मी. हे सगळं सांगाचं होतं तुमाले.”

“मग बोलला का नाही तो?”

 मला खरंच कळलं नाही का, हे ती पाहत होती.

“कोटवार म्हने, आपल्यातला साहेब आला हाये. नवीन. घरच्यायनं सदरा धुतला. आमाले वाटलं, साहेब वर बसले असतीन, आमी खाली उभे राहून सांगू. तं तुमी आमच्याहून खाली.” ती थांबली. “तुमाले तिथी पाह्यलं अन् त्यायचं बोलनं घशातच राह्यलं. ज्याले बसाले जागा नाही भेटली, तो आमची बाजू कुठी ठेवीन?”

मी बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. 

“जाते,” ती म्हणाली. आणि गेली.

मी पायरीवर बसत होतो तेव्हा मला वाटायचं, ही लाज माझी आहे. माझ्या एकट्याची. गिळून घेतली की संपली. पण मी एकटा बसत नव्हतो. माझ्यासोबत सुखदेवची तक्रार पायरीवर बसत होती. त्याची बायको, त्याची पोरगी, त्याचं वाकडं मनगट, सगळं मी त्या जोड्यांत मांडून ठेवत होतो. अन् वर पुन्हा सही करत होतो. बस आली. मी हात केला नाही. बस निघून गेली. दुसरी नव्हती, पांढुर्ण्यापर्यंत पायी आलो. सगळ्या वाटेनं तिचं एकच वाक्य. तुमी आमच्याहून खाली.

पुढची हाजिरी मी पांढुर्ण्यात ठेवली.

कोटवाराच्या हाती लेखी नोटीस पाठवली. बाजाराच्या दिवशी, कचेरीत, स्वतः. लिंबाखाली बसणाऱ्यांसाठी तहसिलीच्या मागं पडलेले दोन मोडके बाक बढईकडून ठोकून आणले आणि आत भिंतीशी लावले. त्या दिवशी रामदास बाकावर बसला तो अगदी कडेला, उठून पळायच्या बेतानं. मी म्हटलं, “नीट बस रे. बाक सरकारचा आहे.”

जीप थांबली. पोरगा उतरला, मागं पटेल. पटेल सरळ माझ्या टेबलापर्यंत आला.

“काय गा, मले बोलावून राह्यला तू इथी?”

मी उठलो नाही. हाजिरीचं रजिस्टर उघडलं.

“तुम्हाला नाही बोलावलं. हाजिरी तुमची नाही. तुम्ही बाहेर थांबा. त्याचं नाव पुकारलं की तो येईल.”

“तुह्या बापानं आमच्या व्याह्याच्या इथी...”

“माझ्या बापाची चौकशी झाली मागं. आज याच्या बापाची आहे.” मी पोराकडे वळलो. “बापाचं नाव सांग.”

रामदासला हसू आलं, त्यानं तोंड दाबलं. पटेल बाहेर गेला. पोराला मी बाकाकडे बोट केलं. रामदासच्या शेजारी जागा होती. तो बसला नाही. उभाच राहिला. बसायचं की नाही, हे त्यानं ठरवलं. मी फक्त प्रश्न विचारले. काय करतोस. कोणाचं खातोस. पितोस का. संध्याकाळी फटफटी घेऊन कुठं जातोस. शेवटच्या प्रश्नाला तो म्हणाला, “कोनं सांगितलं?” मला तेवढं पुरलं.

तिथून मी सुखदेवच्या घरी गेलो. मोहल्ल्यात. त्यांनी बाज टाकली. मी म्हटलं, “तू बसशील तर बसतो.” दोघं एका बाजेवर बसलो. त्यानं सगळं सांगितलं. शेजाऱ्यांनी सांगितलं. यशोदा दारात उभी राहून ऐकत होती, एका ठिकाणी तिनं नवऱ्याला दुरुस्त केलं, “नाही, त्या दिवशी पोरीचं नाव घेतलं त्यानं. ते सांगा.” तेही लिहिलं. मुचलका मोडला, असं कोर्टाला कळवलं.

मोठ्या साहेबांनी छिंदवाड्याला बोलावून घेतलं. दार लोटून म्हणाले, “देखो भाई, नए हो. बिरादरी की वकालत के लिए तनख्वाह नहीं मिलती.” म्हणाले, समज देऊन सोडलं असं लिहा, संपवा. मी म्हणालो, “सर, माझा आधीचा अहवाल खोटा होता, तक्रार नाही म्हणणारा. तो मी बिरादरी सोडून लिहिला होता.” त्यांनी माझा कागद माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, “कोर्ट में भुगतना.”

भोगलं.

सौंसरहून, पांढुर्ण्याहून ओळखीची माणसं पेशीला आली होती. माझ्यासोबत शिकलेला एक मास्तर होता. आमच्या मोहल्ल्यातली दोन पोरं होती, जयंतीच्या भाषणाला टाळ्या वाजवणारी. पटेलाच्या वकिलानं माझाच जुना कागद काढला.

“यह आपने लिखा है? कोई शिकायत नहीं?”

“हाँ.”

“सुखदेव ने आपके सामने कहा?”

“हाँ.”

“और अब कहते हैं कि रोज़ धमकी थी. तब झूठ लिखा या अब?”

 वकिलाला सगळं ठाऊक होतं, पटेलानं सांगितलं असणार. तो जवळ आला, आवाज गोड केला.

“बात यह है न, कि पटेल साहब के यहाँ आपको कुर्सी नहीं मिली, इसलिए नाराज़ हैं?”

कोर्टात खसखस पिकली. वकिलाची चाल मला दिसली. मी ‘नाही, मला खुर्ची मिळाली होती’ म्हणालो तर माझी अब्रू राहते. मास्तरासमोर राहते, त्या पोरांसमोर राहते. पण मग सुखदेव त्या दिवशी गप्प का बसला, याला उत्तर नाही. मग तो खोटारडा ठरतो आणि पोरगा सुटतो. त्यांची खात्री होती की मी अब्रू वाचवीन. शिकलेला माणूस आहे, सगळ्यांसमोर कशाला सांगेल.

 मी मास्तराकडे पाहिलं, त्यानं नजर चुकवली.

“कुर्सी थी,” मी म्हणालो. “मेरी जाति पूछकर हटा ली गई. मुझे सबसे नीचे की सीढ़ी पर बिठाया, जहाँ जूते उतारते हैं. मुलज़िम ऊपर खाट पर लेटा था. मैं हर महीने वहीं बैठा. सुखदेव को मैंने वहीं बुलाया. उसने मुझे जूतों में बैठा देखा, इसलिए कुछ नहीं बोला.”

कोणी हसलं नाही. लिहिणारा बाबू थांबला होता. मॅजिस्ट्रेट म्हणाले, “लिखिए.” आणि सावकाश सांगू लागले, शब्द सोडून सोडून. मुझे... जूतों की सीढ़ी पर... बिठाया गया. बाबूच्या लेखणीचा आवाज येत होता. मग मला ते वाचून दाखवण्यात आलं. माझ्याच तोंडचं, सरकारी भाषेत. बरोबर आहे का? बरोबर आहे. खाली मी सही केली. पदवीची फ्रेम घरी भिंतीवर आहे. हाही माझाच कागद, कोर्टाच्या फायलीत आहे.

निकाल काय लागला? फार काही नाही. मुचलका मोडला हे कोर्टानं मानलं. पण पहिलीच चूक म्हणून किरकोळ दंड, आणि मुचलका पुढं चालू. पटेलानं दंड तिथल्या तिथं भरला, जीपमध्ये बसला. जाताना पोरगा माझ्याकडे पाहून हसला. सुखदेवला न्याय मिळाला असं मी म्हणणार नाही. त्याचं मनगट वाकडंच आहे. एवढंच झालं की तो कोर्टाच्या पायऱ्या उतरताना म्हणाला, “आता बोलता येते जी.”

बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. मी गेलो तेव्हा बाप अंगणात बसला होता. मायनं पाणी दिलं आणि आत गेली.  मला वाटलं, पाठीवर हात ठेवील. सगळ्यांसमोर खरं बोललास म्हणेल.

तो म्हणाला, “मी बसे तिथी. उभी जिंदगी बसलो. माह्यामागं तुमी लेकरं होते, सांजेची भाकर होती. तुह्यामागं तं सरकार होतं. तू कायले बसला?”

  बापाला काय सांगावं? सवय होती, म्हणावं? भीती होती? त्यानं मला शिकवलं ते ही सवय मोडायला. निंदणाला जाऊन मायनं मला शिकवलं ते यासाठी. कोर्टात खरं बोलल्यानं ती बैठक पुसली जात नाही. लाज आहे. ती जायला नको, असंही वाटतं. गेली तर मी पुन्हा कुठंतरी बसेन.

पुढच्या हाजिरीच्या आधी कोटवार कचेरीत आला. दारातच उभा राहिला.

“पटेल म्हून राह्यले, झालं गेलं जाऊ द्या. साहेबांनी घरीच यावं. खुर्ची टाकून ठेवतो म्हने. जेवन बी हाये.”

“आत ये,” मी म्हटलं. “बाकावर बस. अन् नीट आयकून घे, जसं सांगतो तसं सांगजो.”

तो बसला.

“खुर्ची टाकली तरी मी येत नाही. हाजिरी पांढुर्ण्यात. बाजाराच्या दिवशी. एकट्यानं यायचं, बापाला आणायचं नाही. नाव पुकारलं अन् हजर नसला तर त्याच दिवशी कोर्टाला कळवीन. या वेळी पहिली चूक म्हणून सुटका नाही. अन् पोराला वेगळं सांग. सुखदेवच्या गल्लीत फटफटी दिसली, तर साक्षीला मी उभा राहीन. पहिला. वकिलाला म्हणावं, काय विचारायचं ते विचार. मला कुठं बसवलं होतं, ते मीच सांगीन. दर वेळी सांगीन.”